पाच लिटर पाणी आणि न उतरणारे वजन

प्रश्न : माझे वय 58, उंची 155 सेंटिमीटर आणि वजन 74 किलो आहे. रक्तदाबासाठी तीन वर्षांपासून एक गोळी घेते. ती थायझाइड गटातील असून तिने लघवी वाढते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दीड महिन्यापूर्वी व्यायाम शिकवणाऱ्या एका ओळखीच्या व्यक्तीने सांगितले की, दिवसाला पाच लिटर पाणी प्यायले की चरबी विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. तेव्हापासून तहान असो वा नसो, मी दर तासाला मोजून पाणी पिते. पहिल्या आठवड्यात पिष्टमय पदार्थही जवळजवळ बंद केले होते; तेव्हा दोन किलो वजन उतरले. पुढे नेहमीचे जेवण सुरू केले आणि ते दोन्ही किलो परत आले. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. गेले दहा दिवस डोके दुखते, अधूनमधून मळमळते. शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत, थोडे सोसा, असे मला सांगण्यात आले. पाण्याखेरीज दिवसातून चार वेळा प्रत्येकी दोन चमचे साखरेचा चहा, सकाळी एक पेला फळांचा रस आणि संध्याकाळी एक शीतपेय, एवढेच घेते. मी कुठे कमी पडते आहे? पाणी आणखी वाढवू का? ते गार प्यावे की कोमट? आणि जेवताना पाणी पिऊ नये, हे खरे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट आजच्या आज व्हायला हवी, म्हणून ती प्रथम लिहितो. पाणी आणखी वाढवू तर नकाच, पण आत्ता चालू असलेले दर तासाचे मोजून पिणेही आजपासून थांबवा आणि तहान लागेल तेवढेच पाणी प्या. रक्तदाबाची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आज किंवा फार तर उद्या भेटा, रोज किती पाणी पीत होता ते त्यांना स्पष्ट सांगा आणि रक्तातील सोडियम व पोटॅशियमची तपासणी करून घ्या. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ जाणवू लागला, असाधारण गुंगी आली किंवा आकडी (फिट) आली, तर तपासणीच्या वेळेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठायला हवे. ही लक्षणे ज्याला होतात त्याला स्वतःला ती नेहमीच उमगत नाहीत, म्हणून हा मजकूर घरातील एखाद्या व्यक्तीलाही वाचायला द्या.

तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. रक्तात सोडियमचे, म्हणजे मिठातील एका घटकाचे, प्रमाण साधारणपणे दर लिटरला 135 ते 145 मिलिमोल असते. पोटात गेलेले जास्तीचे पाणी मूत्रपिंडांनी बाहेर टाकले नाही, तर रक्त पातळ होते, सोडियमचे प्रमाण घसरते आणि पाणी पेशींच्या आत शिरू लागते. शरीरातील इतर पेशी थोड्या फुगल्या तरी त्यांना जागा मिळते, पण मेंदू कवटीत बंद असल्याने त्याला फुगायला जागा नसते. म्हणूनच सोडियम कमी होण्याची पहिली लक्षणे डोकेदुखी, मळमळ आणि सुस्ती अशी असतात. निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्या हिशेबाने दिवसभरात विभागून घेतलेले पाच लिटर एखाद्या धडधाकट व्यक्तीला पचूनही जातील. तुमची गोष्ट वेगळी आहे ती त्या गोळीमुळे. थायझाइड गटातील औषधे लघवी वाढवतात खरी, परंतु ती मीठही बाहेर टाकतात आणि अगदी पातळ लघवी तयार करण्याची मूत्रपिंडांची क्षमता कमी करतात. परिणामी मीठ जात राहते आणि जास्तीचे पाणी मात्र हवे तितके जात नाही. या औषधांमुळे सोडियम कमी होण्याचा धोका उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांमध्ये विशेष आढळतो. तुमची डोकेदुखी आणि मळमळ याच कारणाने आहे, असे मी येथून सांगू शकत नाही. रक्तदाब वाढल्यानेही डोके दुखू शकते, तेव्हा तोही मोजून घ्या. रात्री वारंवार उठावे लागण्याचे कारण उघडच जास्तीचे पाणी दिसते, तरी रक्त देणारच आहात तर साखरही तपासून घ्यावी.

‘विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत, थोडे सोसा’ हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटले. शरीर एखाद्या उपायाला नको म्हणत असते तेव्हा त्या नकारालाच यशाची खूण ठरवणारा सल्ला माणसाला ऐन वेळी डॉक्टरांपासून दूर ठेवतो. रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करीतच असतात. त्यासाठी पुरेसे पाणी लागते; पुरेशापेक्षा तिप्पट पाणी दिल्याने ते काम तिप्पट होत नाही, आणि डोके दुखणे हा त्या कामाचा भाग तर नाहीच. जास्त पाणी फक्त आजारी माणसांनाच बाधते असेही नाही. 2002 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर तपासले गेले, तेव्हा त्यांतील 13 टक्के जणांचे सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघाले; आणि ज्यांचे वजन धावताना घटण्याऐवजी वाढले होते, म्हणजे ज्यांनी घामावाटे गेले त्याहून अधिक द्रव प्यायले होते, त्यांच्यात हा धोका ठळकपणे अधिक होता.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. पाण्याने चरबी विरघळत नाही आणि ती लघवीवाटे निघूनही जात नाही. चरबीचा रेणू कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असतो. शरीराला अन्नातून मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते तेव्हा तो रेणू तुटतो, श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि शेवटी त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2014 मध्ये याचा अणूगणिक हिशेब मांडला. 10 किलो चरबी पूर्ण जळली, तर त्यातील 8.4 किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासातून जाते आणि उरलेले 1.6 किलो पाणी होऊन लघवी, घाम, श्वास अशा वाटांनी बाहेर पडते. म्हणजे कमी झालेल्या चरबीचा फार मोठा भाग आपण श्वासावाटे सोडलेला असतो. चरबीचे रेणू तुटण्याच्या रासायनिक क्रियेत पाण्याचा वापर होतो हे खरे असले, तरी ते पाणी इतके थोडे असते आणि शरीरात आधीच इतके भरपूर असते, की वरून ओतलेल्या पाण्याने त्या क्रियेचा वेग वाढण्याचे कारण नाही. तुमच्या शरीराच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास पाणीच आहे.

मग ‘पाण्याने वजन उतरते’ ही समजूत इतकी पसरली कशी? तिच्यामागे खरे संशोधन आहे. 2003 मध्ये बर्लिनमधील संशोधकांनी 14 निरोगी व्यक्तींना अर्धा लिटर पाणी प्यायला देऊन त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मोजला. तो सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचे, पाणी प्यायल्यावर दहा मिनिटांत ही वाढ सुरू झाल्याचे आणि अर्ध्या-पाऊण तासात ती शिखरावर गेल्याचे त्यांनी नोंदवले. ‘पाणी प्यायल्याने चयापचय 30 टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य तिथून निघाले आणि जगभर फिरले. त्याच लेखातील दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्या अर्ध्या लिटरने एकूण जास्तीचा खर्च झाला तो सुमारे 100 किलोज्यूल, म्हणजे साधारण 24 उष्मांक, ज्यांना आपण बोलताना कॅलरी म्हणतो. चहातील दीड चमचा साखरेतही तेवढेच उष्मांक असतात. शिवाय हा निष्कर्ष पुढे टिकला नाही. स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर विद्यापीठात 2006 मध्ये हाच प्रयोग दुसऱ्या गटाने केला, तेव्हा नेहमीच्या तापमानाच्या पाण्याने ऊर्जाखर्चात वाढच आढळली नाही.

तुमच्या ‘गार की कोमट’ या प्रश्नाचे उत्तरही याच प्रयोगात आहे. हिशेबाने पाहिले तर 5 अंश सेल्सियसचे अर्धा लिटर पाणी शरीराच्या 37 अंशांपर्यंत तापवायला 16 उष्मांक लागायला हवेत. परंतु शरीर त्यासाठी नवीन इंधन जाळेलच असे नाही. एरवी त्वचेवाटे वाया जाणारी उष्णता थोडी राखून ठेवूनही ते हे काम भागवते. फ्रिबूरच्या प्रयोगात 3 अंशांच्या थंडगार पाण्यानेही तासाभरात ऊर्जाखर्च केवळ साडेचार टक्क्यांनी वाढला. बसल्या जागी माणूस मिनिटाला साधारण एक उष्मांक खर्च करतो, असे धरले, तर ही वाढ तासाला तीन उष्मांकांच्या आसपास येते. तेव्हा गार प्या किंवा कोमट प्या. वजनाच्या दृष्टीने त्यात निवडण्यासारखे काही नाही. तुम्हाला जे रुचते आणि पोटाला जे सोसते तेच प्या. कोमट पाण्यात मध घालून पीत असाल, तर मोठ्या चमच्याभर मधात साठच्या पुढे उष्मांक असतात एवढे मात्र लक्षात असू द्या.

तरीही वजन कमी करण्यात पाण्याचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उपयोग आहे, तो पाणी किती प्यायले यापेक्षा ते केव्हा प्यायले आणि कशाच्या जागी प्यायले यावर अवलंबून आहे. तुमच्या दीड महिन्याच्या कष्टांत या दोन्ही गोष्टी राहून गेल्या. त्यात तुमचा दोष नाही, तुम्हाला त्या कोणी सांगितल्याच नाहीत.

प्रथम ‘केव्हा’ ते पाहू. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील अभ्यासात वजन जास्त असलेल्या 48 व्यक्ती होत्या आणि त्यांचे वय 55 ते 75 होते, म्हणजे तुमच्याच वयोगटातील माणसे होती. सर्वांना कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. फरक एवढाच की एका गटाने तिन्ही जेवणांपूर्वी अर्धा लिटर पाणी प्यायले. 12 आठवड्यांनंतर पाणी पिणाऱ्या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दोन किलो अधिक उतरले होते. 2015 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने लठ्ठपणा असलेल्या 84 प्रौढांवर असाच प्रयोग केला. एका गटाला जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितले आणि दुसऱ्या गटाला जेवणापूर्वी ‘आपले पोट भरलेले आहे’ अशी कल्पना करायला सांगितले. येथे 12 आठवड्यांत फरक पडला 1.3 किलोचा. तिन्ही जेवणांपूर्वी नेमाने पाणी प्यायल्याचे सांगणाऱ्यांचे वजन सरासरी 4.3 किलो घटले, असाही आकडा त्या अभ्यासात आहे आणि बातम्यांत तोच जास्त गाजला. परंतु जो माणूस दिवसातून तीनदा आठवणीने पाणी पितो, तो बहुधा ताटात काय वाढून घेतो याकडेही तितक्याच आठवणीने पाहतो. म्हणून त्या 4.3 किलोंचे सगळे श्रेय पाण्याला देणे मला पटत नाही. 1.3 किलो हा आकडा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. तो लहान आहे, पण खरा वाटतो.

जेवणाआधीच्या पाण्याने असे का व्हावे? जठराच्या भिंतीला ताण बसला की तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला पोट भरत आल्याचा निरोप जातो. पाण्यात उष्मांक नसले तरी जागा व्यापण्याचे काम ते करते आणि जेवायला बसताना भुकेची धार थोडी कमी झालेली असते. अडचण अशी की नुसते पाणी जठरात फार काळ थांबत नाही. घेतलेल्या पाण्यापैकी निम्मे साधारण दहा ते वीस मिनिटांतच आतड्याकडे सरकते. वयोमानाने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि म्हणूनच हा उपाय तरुणांपेक्षा वयस्क माणसांना अधिक लागू पडतो, असे मानले जाते. नुसते ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगितले आणि वेळ सांगितली नाही, तर काय होते, हेही तपासले गेले आहे. वजन जास्त असलेल्या 38 किशोरवयीन मुलामुलींना सहा महिने आहारात सुधारणा करायला लावली आणि त्यांतील एका गटाला दिवसाला आठ पेले पाणी पिण्याचा सल्ला दिला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाण्याच्या सल्ल्याने वजनात वेगळा फरक पडला नाही. तुम्ही दर तासाला विभागून घेतलेले पाणी जेवणाच्या वेळेशी जुळतच नव्हते, त्यामुळे भुकेवर त्याचा परिणाम होण्याचा संभव तसाही कमीच होता.

पाणी अन्नातच मिसळलेले असेल तर परिणाम अधिक काळ टिकतो आणि हा भाग मला स्वतःला नेहमीच फार मोलाचा वाटत आला आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात 1999 मध्ये 24 स्त्रियांवर एक सुरेख प्रयोग झाला. जेवणापूर्वी त्यांना एकच पदार्थ तीन प्रकारे दिला गेला : एकदा नुसता, एकदा सोबत पेलाभर पाणी देऊन आणि एकदा तेच पाणी त्यात घालून सूप करून. घटक तेच, उष्मांक तेच आणि शेवटच्या दोन प्रकारांत पाणीही तेवढेच. सूप घेतलेल्या दिवशी पुढच्या जेवणात स्त्रियांनी सुमारे 100 उष्मांक कमी खाल्ले. पाणी शेजारी पेल्यात ठेवून प्यायलेल्या दिवशी मात्र नुसता पदार्थ खाल्ल्यासारखेच झाले. अन्नाशी एकजीव झालेले पाणी जठरातून सावकाश निघते, डोळ्यांना आणि जिभेला पदार्थ जास्त असल्यासारखे वाटते आणि माणूस आपोआप थोडे कमी जेवतो. सूप, भाज्या, सालीसकट चावून खाल्लेली फळे यांचा उपयोग इथेच आहे. पाच लिटर पाण्यापेक्षा जेवणाच्या सुरुवातीला घेतलेले वाटीभर भाज्यांचे सूप तुमच्या वजनाला जास्त उपकारक ठरेल, असे मला वाटते; रक्तदाबामुळे त्यात मीठ बेताचेच घाला.

आता ‘कशाच्या जागी’ हा प्रश्न. आणि तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य माझ्या मते तेच आहे, जे तुम्ही ‘एवढेच घेते’ म्हणून सहज लिहून टाकले आहे. चार कप चहातील प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सुमारे 32 ग्रॅम साखर, अर्थात 128 उष्मांक. पेलाभर, म्हणजे पाव लिटर, फळांच्या रसात साधारण 110 उष्मांक असतात. गोड शीतपेयाच्या 330 मिलिलिटरच्या डब्यात सुमारे 35 ग्रॅम साखर, म्हणजे 140 उष्मांक. बेरीज पावणेचारशेच्या पुढे जाते. तुमची पाच लिटरची सारी मेहनत याच्याशी ताडून पाहा : पाणी प्यायल्याने होणारा ऊर्जाखर्च फार उदारपणे मोजला तरी या पेयांतून येणाऱ्या उष्मांकांची भरपाई तो करू शकत नाही. आणि द्रवरूपात पोटात गेलेल्या साखरेने तेवढ्याच उष्मांकांच्या घन अन्नाइतके पोट भरत नाही. ती पिऊनही जेवण फारसे कमी होत नाही.

कागदावरचा हिशेब असा निघतो की, एक किलो शारीरिक चरबीत सुमारे 7,700 उष्मांक साठलेले असतात आणि रोजचे 375 उष्मांक टळले, तर महिन्याला जवळजवळ दीड किलो वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात इतके उतरत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. टाळलेल्या उष्मांकांपैकी काही आपण नकळत दुसरीकडे खातो आणि वजन घटू लागले की शरीराचा खर्चही थोडा कमी होतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 318 प्रौढांच्या एका अमेरिकी अभ्यासात रोजच्या गोड पेयांऐवजी पाणी किंवा साखरविरहित पेये घेणाऱ्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी दोन ते अडीच टक्के घटले, आणि केवळ आहाराविषयी सर्वसाधारण मार्गदर्शन मिळालेल्या गटाशी तुलना करता तो फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका मोठा नव्हता. तुमच्या वजनाचे दोन टक्के म्हणजे दीड किलो. पेये बदलून तुमचे वजन झपाट्याने घसरणार नाही, पण ज्या दिशेला तुम्हाला जायचे आहे त्या दिशेला ते सरकेल, आणि त्यासाठी ना काही सोसावे लागेल ना रात्री उठावे लागेल. चहा सोडा असे मी म्हणत नाही. साखर दोनाची दीड चमचा, दीडाची एक अशी दर पंधरवड्याला कमी करीत गेलात तर जीभ सरावते. रसाऐवजी अख्खे फळ खा. शीतपेयाची जागा मात्र सरळ पाण्याला द्या.

पहिल्या आठवड्यात उतरलेल्या दोन किलोंविषयीही बोलले पाहिजे, कारण तिथेच तुमची उमेद बांधली गेली आणि पुढे तिथेच ती मोडली. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने पिष्टाचा साठा ठेवते. हा साठा चार-पाचशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. तुम्ही पिष्टमय पदार्थ बंद केलेत, तो साठा वापरला गेला, त्याच्याबरोबरचे पाणी निघून गेले आणि काटा दोन किलोंनी खाली आला. पूर्ववत जेवू लागलात तसा साठा आणि पाणी दोन्ही परतले. चरबी त्या आठवड्यात फारशी गेलीच नव्हती, त्यामुळे ती ‘परत आली’ असेही समजू नका. वजनकाटा पाणी आणि चरबी यांत भेद करीत नाही. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर उभे राहिलात तर तो अर्धा किलो जास्तच दाखवणार. म्हणून सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि एका दिवसाच्या आकड्याऐवजी आठवड्याच्या सरासरीकडे पाहा.

जेवताना पाणी पिण्याने पाचकरस पातळ होतात आणि पचन बिघडते, ही भीती मनातून काढून टाका. जठर आम्ल आणि पाचकरस गरजेप्रमाणे स्रवत राहते आणि जेवणाबरोबर घेतलेल्या पेलाभर पाण्याने त्यात अडथळा येत नाही. ज्यांना जेवताना पाणी प्यायल्यावर पोट जड वाटते किंवा आंबट ढेकर येतात, त्यांनी थोडे कमी प्यावे. इतकाच त्याचा अर्थ.

राहता राहिला प्रश्न, नेमके किती प्यावे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये, समशीतोष्ण हवा आणि मध्यम हालचाल गृहीत धरून, प्रौढ स्त्रियांसाठी दिवसाला 2 लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर एकूण पाणी पुरेसे मानले आहे. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यात जेवणातील पाणी धरले आहे आणि साधारण पाचवा भाग तरी त्यातून मिळतो. चहा, दूध, सूप हेही त्यातच आले. ज्या आठ पेल्यांचा एवढा बोलबाला आहे, त्यांचे मूळ अनेकदा 1945 सालच्या एका अमेरिकी शिफारशीत शोधले जाते. प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी लागते, असे सांगून तिथे लगेच पुढच्या वाक्यात म्हटले होते की यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते. ते पुढचे वाक्य लोकांच्या स्मरणातून गळाले. उन्हात काम, घाम, ताप, जुलाब, स्तनपान अशा प्रसंगी गरज वाढते. हृदय निकामी होण्याचा विकार, मूत्रपिंडांचा जुना आजार किंवा यकृताचा गंभीर विकार असलेल्या वाचकांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

तुमच्यापुरते बोलायचे तर, तपासणीचा निकाल चांगला आला आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर दोन मुख्य जेवणांपूर्वी अर्धा तास एक मोठा पेला पाणी घ्यायला सुरुवात करा. अभ्यासांत अर्धा लिटर दिले गेले होते, परंतु तुमच्या गोळीचा विचार करता मी तुम्हाला त्यापेक्षा कमीवर, 250 ते 300 मिलिलिटरवर, थांबायला सांगेन. हे पाणी दिवसाच्या दोन लिटरच्या आतले आहे, वरचे नव्हे. रात्री झोपण्याच्या दोन तास आधीपासून पाणी बेतानेच प्या, म्हणजे झोप तुटणार नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हेही वजनाच्या संदर्भात विसरून चालत नाही. पुरेसे पाणी मिळते आहे की नाही, हे लघवीच्या रंगावरून ताडता येते : फिकट पिवळा रंग ठीक, गडद पिवळा असेल तर थोडे वाढवा, आणि दिवसभर पाण्यासारखी पारदर्शक होत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात.

तपासणीत सोडियम कमी निघाले, तर जेवणाआधीच्या पाण्याचा हा भाग पूर्णपणे बाजूला ठेवा, डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी घ्या आणि ‘आता भरून काढू’ म्हणून मीठ वाढवून खाण्याचा उपाय स्वतःहून करू नका; घसरलेले सोडियम सावकाश आणि देखरेखीखालीच वर आणावे लागते, ते घाईने वाढले तर मेंदूला इजा होऊ शकते. चहातील साखर कमी करणे, रसाऐवजी फळ खाणे आणि शीतपेय थांबवणे या तीन गोष्टींना मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही; त्या उद्या सकाळच्या पहिल्या चहापासून सुरू करता येतील.